अकरा नंबरचा चंबू

ही गोष्ट मी सतरा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. कळसच्या सरांचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर उठून मागच्या दाराशी जायचो. ज्यांना सांगायला हवी होती ती दोन्ही माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा लिहायला बसलोय. यात धाडस काही नाही, हे मला कळतं. पण लोकांच्या तोंडी सरांची जी गोष्ट राहिली आहे ती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी माहीत असलेला मी एकटाच आहे.

लोकांच्या तोंडची गोष्ट अशी: कळसच्या शिवारात एक येडा सर होता, तो बाटलीत जीव तयार करायला गेला आणि त्याचं दही झालं. इथं सगळे हसतात. हसण्यासारखं वाक्य आहेच ते.

सर बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि कळसला आपल्या शेतात राहायला आले होते. ऊस त्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांना वाट्यानं दिला होता. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, दोन पिढ्यांपूर्वीच ती गेली आणि ऊस आला. विहिरीवर मोटरीची एक दगडी खोली होती. सरांनी मोटर बाहेर काढून पत्र्याच्या आडोशाला ठेवली आणि त्या खोलीत स्वतःची प्रयोगशाळा थाटली. मी हाकेच्या अंतरावरच्या एका छोट्या डेअरीत कामाला होतो. दह्याचं विरजण सांभाळायचं, रोज दुपारी ते ताज्या दुधात उतरवायचं, हे माझं काम. बायको आणि मुलगा काटेवाडीला, आई-वडिलांजवळ. मी आठवडाभर सरांच्या शेतातल्या एका खोलीत भाड्यानं राहायचो आणि शनिवारी घरी जायचो.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "काम काय करता?"

"विरजण लावतो."

"अरे वा! म्हणजे तुम्हीही जीवच सांभाळता," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा 'विरजणराव' झालो. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी नंतर कधी ऐकलं नाही.

त्या खोलीत वीस चंबू होते. काचेचे, गोल पोटाचे, प्रत्येकाच्या तोंडाला कापसाचा घट्ट बोळा आणि गळ्याला चिकटपट्टीवर लिहिलेला नंबर. वाळूच्या पराती, परातींखाली बल्ब, म्हणजे वाळू कायम कोमट. चंबूत काय असायचं ते सर कुणालाही सांगत, लपवाछपवी नव्हती. थोडे क्षार, थोडी साखर, अमोनिया, एक तेलकट पदार्थ आणि विहिरीच्या तळातून काढलेली चिकणमाती. सगळं उकळून, कोणताही जंतू मागे राहू न देता, बंद करायचं आणि वाट बघायची.

"कसली वाट?" तात्यांनी विचारलं होतं.

"तात्या, उसाचं बेणं लावल्यावर पंधरा दिवसांनी तुम्ही काय बघायला जाता?"

"जीव धरलाय का ते."

"मग मीही तेच बघतो. पाण्यानं जीव धरलाय का."

तात्यांनी टोपी मागं सरकवली. "सर, कांडीला डोळा असतो म्हून ती धरती. पाण्याला कुठं डोळा असतो?"

सरांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो वहीत लिहून घेतला, आणि खाली 'तात्या' असं नाव घातलं. त्यांच्या वहीत अशी पुष्कळ नावं होती. 'जीव धरणं' हा शब्द त्यांना कॉलेजात तीस वर्षांत सापडला नव्हता, म्हणायचे, तो इथं फुकट मिळाला. जीव कुणी घालत नाही, जीव धरावा लागतो, धरणाऱ्यानं धरायचा असतो. आपण फक्त ऊब द्यायची आणि मध्ये मध्ये बोटं घालायची नाहीत.

वस्तीवर गाय व्यायला झाली की सर वही घेऊन हजर. लोकांना आधी ते विचित्र वाटायचं, मग सवय झाली. तात्यांची कालवड पहिल्यांदा व्याली तेव्हा वासरू बराच वेळ हललं नाही. तात्यांनी त्याच्या नाकात फुंकर मारली, गवताच्या काडीनं नाक खाजवलं, आणि ते शिंकलं. सर लगेच पुढं झाले. "तात्या, जीव आत्ता आला का?"

"आत्ता कशाला येतोय, आत हुताच की!"

"मग आत कधी आला?"

"ते तिला इचारा," तात्या कालवडीकडं हात करून म्हणाले. "मला धुवायचंय हे सगळं."

चंबूंशी सर अहोजाहो बोलत. "काय सात नंबर, आज कसं वाटतंय?" मी हसलो तर म्हणाले, "ज्याची अजून ओळख झाली नाही त्याला अरेतुरे करावं का?" आणि कधी काही मेलं असं म्हणत नसत. उन्हात रोप वाळलं, चंबू वाया गेला, वस्तीवरचं कुणी गेलं, तरी ते एकच म्हणत, "नाही धरला."

खोलीत जाण्याचे नियम मात्र कडक. दाराबाहेर सदरा काढायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मग डेटॉलच्या पाण्यात बुडवायचे, आणि खुंटीवरचा सरांचा उकळून वाळवलेला बनियन घालूनच आत पाय टाकायचा. तात्या म्हणायचे, "देवाच्या गाभाऱ्यात बी येवढं सोवळं न्हाय." माझ्यासाठी तर नियम आणखी एक घर पुढं होता. "विरजणराव, तुमच्या बोटांवर लाखो पाहुणे असतात. ते माझ्या घरी जेवायला आले तर पंगत आवरायची नाही." म्हणून मी दोनदा धुवायचो. ते दारात उभे राहून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे.

उकळण्यासाठी सरांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, मोठा कुकर होता. बारा शिट्ट्या झाल्याशिवाय सर तो उतरवू देत नसत. त्या शिट्ट्या सगळ्या शिवारात ऐकू जात. बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "शिजला का वो जीव?" ते ठीक होतं. पण सरांना मूलबाळ नव्हतं, आणि पाणी भरायला जमलेल्या बायकांत दुसरंच बोलणं चालायचं: हिला पोर झालं न्हाय म्हून म्हातारा बाटलीतनं काढतोय. वहिनींच्या कानावर ते अनेकदा आलं. एकदा माझ्यासमोरच आलं. वहिनी कळशी कडेवर घेत म्हणाल्या, "काढू द्या की. निदान रडणार तरी न्हाय, आन् लगीन बी करून द्यायला नको." घरी आल्यावर वहिनींनी कळशी ठेवली आणि बराच वेळ पाठ करून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "भावजी, चहा टाकू का?"

त्या मोटरीच्या खोलीत वहिनी फक्त झाडायला जायच्या, तेही नियम पाळून. पण संध्याकाळी सर बाहेर बाजेवर बसून दिवसभराचं सांगायचे आणि त्या भाजी निवडत ऐकायच्या. रसायनशास्त्रातलं त्यांना किती कळत होतं कोण जाणे. "मग फुटला का तो?" "मग त्याच्यात दुसरा शिरला का?" असं त्या विचारत, आणि सर त्यांना एखाद्या परीक्षकाला द्यावं तसं उत्तर देत. मी कडेला बसायचो. पाटाचं पाणी उसात वाहत असायचं. दोन माणसं एकमेकांशी इतकं मन लावून बोलताना मी आयुष्यात दुसरीकडं पाहिली नाहीत. माझ्या घरीही नाही.

सात नंबरचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सरांनी काचपट्टीवर एक थेंब घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकावर वाकायला सांगितलं. आत तेलाचे असावेत तसे गोल बुडबुडे होते. एक बुडबुडा दुसऱ्याजवळ सरकला, त्याला गिळल्यासारखं केलं, फुगला, लांबट झाला, मध्ये बारीक झाला आणि त्याचे दोन झाले. दोघंही हलत राहिले.

"हा जीव?" मी विचारलं.

"नाही. अजून नाही. पण भूक लागलीय त्यांना, दिसलं ना?" त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला तो जेमतेम ऐकू आला. मग त्यांनी वहिनींना बोलावलं, आणि वहिनी हात धुऊन, पदर खोचून आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, खेळतायत की!" सर हसले. दारातून उतरतं ऊन आत आलं होतं. तेवढा एक क्षण मला परत द्या असं कुणाला म्हणता आलं असतं, तर मी तो मागितला असता.

त्या उन्हाळ्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तात्यांबरोबर ते दोन दिवस बारामतीला गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडं दिली. लाईट गेली तर वाळू गार होईल, तेव्हा चंबू कोमट पाण्याच्या घंगाळात उतरवायचे, एवढंच काम. "हात," ते जीपमधून म्हणाले. मी म्हणालो, "दोनदा, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मी डेअरीत विरजण उतरवत होतो. बांधावरून वहिनींची हाक आली, "भावजी, लाईट गेली वो!" मी बोटं पँटला पुसली आणि पळालो. वहिनींनी चुलीवर पाणी तापवलं होतं, बादली त्यांनी उंबऱ्यापर्यंत आणून दिली आणि त्या बाहेरच थांबल्या. सदरा मी काढला. साबण तिथंच होता, डेटॉलचं भांडं तिथंच होतं. मला वाटलं, वाळू गार होतेय, आधी चंबू उचलू, मग धुऊ. मी तसाच आत गेलो.

खिडक्या बंद, आत अंधूक. एकेक चंबू गळ्याला धरून घंगाळात ठेवत गेलो. अकरा नंबर उचलताना बोळा निसटला. घंगाळाच्या काठावर पडला. मी तो दोन बोटांनी उचलला, फुंकला आणि परत बसवला. फुंकला, हेही लिहून ठेवतो. मग बाहेर येऊन वहिनींना म्हणालो, "झालं." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुमी हुता."

सर परतले. चार दिवसांनी सकाळी काळा चष्मा लावलेले, लुंगी एका हातात धरलेले सर माझ्या दारात. "विरजणराव! अकरा नंबरांनी जीव धरला!"

चंबूतलं पाणी गढूळ झालं होतं. तळाशी पांढरट साका, वर दुधट धूर असावा तसा. मी बघितलं आणि मला कळलं. वर्षानुवर्षं मी रोज दुपारी तेच बघत होतो. ओळखायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण तोवर वहिनींनी पेढे आणायला माणूस धाडला होता. वस्तीवर घरोघर पेढे गेले. तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"अजून ठरायचंय," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी वहिनींना तोंडाला पदर न लावता मोठ्यानं हसताना पाहिलं. पाणी भरायला येणाऱ्या त्या बायकांनाही त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा दिला.

पहिल्या दिवशी पेढ्यांमुळं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सर पुण्याच्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला पत्र लिहीत होते, त्यांची तंद्री मोडवेना. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला समजावलं की कदाचित खरंच जीव असेल, मी कोण ठरवणारा? नंतर पत्र गेलं, आणि मग बोलायचं म्हणजे इतके दिवस का बोललो नाही, तेही सांगावं लागणार होतं.

ती विद्यार्थिनी, आता पुण्यात प्राध्यापक असलेल्या बाई, एका सहकाऱ्याला घेऊन आल्या. सरांच्या पाया पडल्या. नियमाप्रमाणं हात धुऊन आत गेल्या. बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होत्या. मग त्यांनी बोळा काढला, चंबू नाकाजवळ नेला आणि तसाच हलकेच खाली ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे दह्याचे जंतू आहेत."

सरांनी चंबू उचलून उजेडाकडं धरला.

"सर, इथं कुणी दुधाचं काम करतं का?"

मी दाराशीच उभा होतो. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि ते चक्क हसले. "हे आहेत ना आमचे विरजणराव. पण बाळ, त्यांची काळजी करू नकोस. त्यांच्याइतके स्वच्छ हात या तालुक्यात कुणाचे नाहीत. आणि त्यांच्याकडून काही झालं असतं, तर त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं असतं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. घरातून घुसळणीचा आवाज येत होता, पाहुण्यांसाठी वहिनी ताक करत होत्या. सरांनी तो आवाज ऐकला. त्यांची मान हळूहळू घराकडं वळली, आणि तोंडावरचं हसू गेलं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी वहिनींना एकच विचारलं. "मी नसताना तू आत गेली होतीस का?"

"न्हाय."

"ठीक आहे."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. ओरडले नाहीत, रुसले नाहीत. पण मोटरीच्या खोलीला कुलूप लागलं आणि झाडायला ते स्वतः जाऊ लागले. वहिनींनी घरात दही लावायचं बंद केलं, आपणहून. संध्याकाळी बाज तीच, भाजी निवडणं तेच, बोलणं मात्र संपलं. वहिनी एखादेवेळी विचारायच्या, "मग, आज काय झालं?" सर म्हणायचे, "काही नाही."

महिन्याभरानं एका सकाळी त्यांनी मला मदतीला बोलावलं. वीसच्या वीस चंबू पाटात ओतायचे होते.

"सर, सात नंबर तरी ठेवा," मी म्हणालो.

"काय उपयोग? माझी पद्धतच गळकी आहे, विरजणराव. कुठून शिरलं ते मला सापडत नाही. जिथून एकदा शिरलं, तिथून पुन्हा शिरेल. मग पुढं जे काही दिसेल त्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

म्हणजे माझ्या एका वाक्यानं त्यांची पद्धत निर्दोष ठरली असती. एका वाक्यानं त्यांनी दुसऱ्या दिवशी कुकर चढवला असता. मी ते वाक्य बोललो नाही, सात नंबर हातात घेतला आणि पाटात ओतला. पाणी उसात गेलं. तात्या बांधावर उभे होते. चेष्टा करायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "सर, ऊस जोरात येईल बघा." सर म्हणाले, "येऊ द्या."

गावात त्यांचं नाव 'दहीवाले सर' पडलं ते तेव्हापासून.

पुढच्या वर्षी मी बारामतीला दुसरी नोकरी धरली. सरांचा अधूनमधून फोन यायचा. आवाज थकलेला, प्रश्न तोच. "विरजणराव, मला एक सांगा, कुकरची रिंग सैल होती का हो? की कापूस दमट होता?" मी म्हणायचो, "बघावं लागेल, सर." एकदा मी मुद्दाम ठरवून कळसला गेलो. इंदापूरच्या एसटीत वाक्य पाठ केलं. सरांनी मला बघताच वही उघडली. त्यांनी तेवीस कारणं लिहून काढली होती आणि एकेक खोडत आणली होती. माझं नाव त्यात नव्हतं. मी ती यादी शेवटपर्यंत वाचली, चहा घेतला आणि परत आलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले.

वहिनींना भेटायला मी दहाव्याला गेलो नाही, तेराव्याला गेलो नाही. गेलो ते पार दोन वर्षांनी. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. दृष्टी अधू झाली होती, पण आवाजावरून मला ओळखलं.

"भावजी, या. बसा हितं."

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या शेंगांतून हात न काढता म्हणाल्या, "तुमाला एक इचारू का? कुणाला इचारता येत न्हाय मला. त्या दिशी बादली मीच दिली होती ना तुमाला? सकाळी मी ताक केलेलं. हात नीट धुतले होते का न्हाय, आता काय केल्या आठवत न्हाय. त्यांनी इचारलं तेव्हा मी आत गेले न्हाय म्हणाले, ते खरंच हाय. पण बादलीला तर हात लागलाच की. माझ्याच हातनं झालं असंल ते सगळं. मरेस्तवर शोधत होते वो ते, आन् मी समोर बसून शेंगा फोडत होते." त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "तुमी तर आतच होता. तुमाला काय वाटतं?"

इतकं सरळ मला आयुष्यात कुणी कधी विचारलं नव्हतं. सांगायचं होतं ते असं होतं: वहिनी, तुमच्या हातानं काही झालं नाही. बोळा माझ्याकडून पडला. विरजणाची बोटं न धुता मीच तो उचलला आणि परत बसवला, आणि सर विचारत असताना समोर उभा राहून गप्प बसलो. सरांची पद्धत बरोबर होती. मी तुम्हा दोघांचा गुन्हेगार आहे, मला माफ करा.

वहिनी या चैत्रात गेल्या. त्या दिवशी मी त्यांना म्हणालो होतो, "जाऊ द्या वहिनी, आता जुनं झालं."